सूत्रधारावरचा आळ

"थांबा! कोणी पुढे पाऊल टाकायचं नाही!"

अरीबाच्या आवाजाने टेबलाभोवतीचे तिघेही चमकले. गणूच्या हातातला शेंगदाणा तोंडापाशीच थांबला.

"दीपगृहाचं दार आतून बंद आहे," अरीबा हळू आवाजात सांगू लागली. "दिवा विझलाय. खिडकीतून आत बघितलंत, तर फरशीवर ओल्या पावलांचे ठसे दिसतात. आत गेलेले. बाहेर आलेले नाहीत."

"मी दार फोडतो!" गणू म्हणाला.

"तू सगळीकडे दारच फोडतोस," याएल वैतागली. "कधी ठोठावून बघ ना!"

"तांडेल हाय मी! तांडेल काय बेल वाजवून जातो?"

"दीपगृहाला बेल नाहीये," अयान शांतपणे म्हणाला आणि सगळे खो-खो हसले.

मे महिन्याची सुट्टी होती. खांदा कॉलनीतल्या निशिगंध सोसायटीत, पाचव्या मजल्यावर अरीबाच्या घरी रोज दुपारी हा खेळ रंगायचा. त्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. होती फक्त एक गोष्ट, आणि ती चौघं मिळून बोलत बोलत घडवायचे. अरीबा होती सूत्रधार. समुद्र, दुर्ग, वादळ, चाचे सगळं तिच्या डोक्यात. बाकीचे तिघे एकेक पात्र व्हायचे आणि आपलं पात्र काय करतंय ते सांगायचे. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. करंज्याहून मावशीकडे सुट्टीला आलेला गणू होता जहाजाचा तांडेल, याएल होती हकीम, आणि अयान नकाशे काढणारा.

गोष्टीत एका काळ्याकुट्ट रात्री बंदरावरचा दिवा विझला होता आणि चाच्यांनी बंदर लुटलं होतं. दिवा कोणी विझवला? फितूर कोण? त्याचं उत्तर फक्त अरीबाला माहीत होतं.

शिवाय प्रत्येक पात्राचं एकेक गुपित होतं. ते त्या खेळाडूला ठाऊक आणि सूत्रधाराला ठाऊक, तिसऱ्या कोणाला नाही. एखाद्याला गुपचूप काही करायचं किंवा विचारायचं असलं, की तो "कानात!" असं म्हणायचा. मग अरीबा त्याला घेऊन घराबाहेर, जिन्यात, वर गच्चीच्या बंद दारापाशी जायची. परत आल्यावर "काय बोललात?" असं विचारायचं नाही, हा नियम. कधीकधी अरीबा उगाचच कोणाला तरी वर न्यायची आणि "मुंबईला आज गरम आहे का गं?" असलं काहीतरी बोलून परत आणायची. खरं गुपित नेमकं कधी सांगितलं गेलं, हे बाकीच्यांना कळू नये म्हणून!

"कानात," अयान म्हणाला.

अरीबा उठली. दोघं गच्चीच्या दारापाशी आले. तिथे महिनाभरापूर्वी सोसायटी कमिटीच्या मोबाईलवर दिसणारा एक कॅमेरा बसला होता. गच्चीवरचे पितळी नळ कोणीतरी पळवले होते, तेव्हापासून. मुलं त्या कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ टेकून उभी राहायची. तिथे तो बघू शकत नाही, हे याएलने शोधून काढलं होतं. गुपित सांगताना ओठसुद्धा कोणाला दिसायला नकोत!

"बोल. नकाशाचं काय?" अरीबाने विचारलं.

"नकाशाचं नाही." अयान आपल्या चपलेकडे बघत होता. "तो दुर्ग समुद्रात आहे ना? म्हणजे पुढे आपण पाण्यातून जाणार."

"जाणार."

"मला बुडवू नकोस. फासा काहीही पडला तरी. नाकातोंडात पाणी वगैरे, असलं वर्णनपण करू नकोस."

"बरं," अरीबा लगेच म्हणाली. "नकाशेवाला बुडणार नाही. कारण सांगायची काही गरज नाही."

पण अयानला सांगायचं होतं. दोन वर्षांपूर्वी करंज्याच्या बंदरावर होडीतून उतरताना त्याचा पाय घसरला होता. होडी आणि धक्का यांच्या मधल्या पाण्यात तो गेला. वर होडीचं बूड, बाजूला भिंत. कोणीतरी केसांना धरून बाहेर काढलं.

"अजून डोक्यावरून पाणी घेताना मी बाथरूमची कडी लावत नाही," तो पुटपुटला. "दार थोडं उघडं ठेवतो. अम्मीला माहीत आहे. आणि आता तुला."

"आणि आता मला," अरीबा म्हणाली. "बस."

त्या संध्याकाळी तिने पाण्याने भरलेलं अख्खं भुयार गोष्टीतून काढून टाकलं आणि त्याजागी वटवाघळांनी भरलेलं कोरडं भुयार घातलं.

---

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या वेळी अयान आला तो धाडकन. त्याचे कान लाल झाले होते.

"तू सांगितलंस!"

"काय सांगितलं?" अरीबाला काही कळेना.

"नाटक करू नकोस! खाली गेटपाशी कमलाकर काका होते. पोहायच्या क्लासला मुलांची नावं घेत होते. मी नको म्हटलं, तर सगळ्यांसमोर मला..." तो थांबला. याएल आणि गणू बघत होते. त्याने आवाज दाबला. "त्यांनी मला तेच विचारलं. तेच! अगदी तुला सांगितलं होतं त्याच शब्दांत! आणि चार मोठी माणसं हसली!"

"अयान, मी कोणालाही..." अरीबा म्हणाली.

"मग काय भिंतीने सांगितलं? माझी अम्मी सांगेल का? उरलं कोण?"

"मी नाही सांगितलं!"

"खोटारडी!" टेबलावरचा फासा उचलून त्याने भिंतीवर फेकला. "तुझा खेळ तुलाच लखलाभ! आणि मला परत बोलवू नकोस!"

तो निघून गेला. फासा सोफ्याखाली घरंगळला, पण तो काढायला कोणी वाकलं नाही.

"काय होतं गं ते?" गणूने हळूच विचारलं.

"सांगणार नाही."

"अगं, पण आता फुटलंच ना?" याएल म्हणाली. "आम्हाला काय ते कळलं, तर तुझी बाजू तरी घेता येईल."

"फुटलं असेल, पण माझ्याकडून नाही! आणि आता तुम्हाला सांगितलं, तर माझ्याकडूनच फुटेल!" अरीबा इतकी चिडली होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून ती आणखी चिडली. "मी सूत्रधार आहे. तो मला खोटारडी म्हणाला. मला!"

"तू नाय बोललीस, तर मंग कोन बोल्ला?" गणू म्हणाला. मग त्याने संशयाने याएलकडे पाहिलं. "काल तू जिन्यात होतीस. वहाना घालत."

"मी? मी चोरून ऐकते?" याएल ताडकन उभी राहिली. "आणि तुझी दिपिका मावशी कमिटीत आहे, ते? दिपिका काकू आणि कमलाकर काका रोज संध्याकाळी एकत्र बसतात. तूच घरी जाऊन बडबडला असशील!"

"मला ठाऊकच नाय, तर काय बडबडू? डोकं हाय का ठिकानावर?"

"गप्प बसा दोघं!" अरीबा टेबलावर हात आपटून ओरडली. "बघा, आता आपण तिघंही भांडतोय. ज्याने कोणी हे केलं, तो तिकडे मजेत असेल!"

याएल खाली बसली आणि नाकावरचा चष्मा वर सरकवत म्हणाली, "ठीक आहे. संशय घ्यायचाच ना? मग नीट घेऊ. प्रयोग करून."

"कसला प्रयोग?"

"अरीबा आम्हा दोघांना एकेक नवीन गुपित सांगेल. साफ खोटं. दोघांना वेगवेगळं. जे बाहेर येईल, त्यावरून कळेल कोणाकडून फुटलं."

अरीबाने क्षणभर विचार केला. "चालेल. गणू, चल वर. याएल, तुझं मी खाली सायकलींपाशी सांगते."

गच्चीच्या दारापाशी तिने गणूच्या कानात सांगितलं, "तुझ्या तांडेलाचा एक डोळा काचेचा आहे." मग खाली सायकलींच्या शेडमध्ये जाऊन याएलला सांगितलं, "तुझ्या हकिमाच्या औषधाच्या पेटीत विष आहे."

संध्याकाळी गणू दूध घेऊन येत होता. सोसायटीच्या ऑफिससमोरच्या बाकावरून कमलाकर काकांनी हाक मारली, "काय तांडेल! दोन्ही डोळ्यांनी दिसतं ना नीट?" आणि ते पोट धरून हसले.

गणूच्या हातातली दुधाची पिशवी पडता पडता राहिली. तो धापा टाकत वर आला. "आईशपथ सांगतो! मी कोनाला बोल्लो नाय! मावशीला नाय, कोनालाच नाय!"

याएलने हाताची घडी घातली. "गुपित तुझं फुटलं. माझं नाही."

"मंग मी काय खोटा बोलतो?" गणूचा चेहरा रडवेला झाला. "करंज्याची शपथ घेऊ? समुद्राची घेऊ?"

"थांब, थांब," अरीबा म्हणाली. "याएल, तुझा प्रयोग चुकलाय."

"माझा?"

"मी गणूला वर सांगितलं आणि तुला खाली. माणूसही बदलला आणि जागाही. मग गणूमुळे फुटलं की जागेमुळे, ते कसं कळणार?"

विज्ञानात याएलला कधी पैकीच्या पैकीपेक्षा कमी मिळाले नव्हते. तिचे गाल तापले. "बरोबर आहे," ती म्हणाली. "सॉरी, गणू. उलट करून बघू. आता मी वर, तू खाली."

म्हणून दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दारापाशी अरीबाने याएलला सांगितलं, "तुझ्या हकिमाची हरवलेली बहीण दुर्गाच्या तळघरात जिवंत आहे." गणूला खाली सायकलींपाशी सांगितलं, "तुझ्या जहाजाला उंदरांनी भोक पाडलंय."

उंदरांचं नाव कोणीही काढलं नाही. पण संध्याकाळी दिपिका काकू लिफ्टमध्ये याएलला भेटल्या आणि गालात हसत म्हणाल्या, "काय हकीमबाई, बहीण सापडली का?"

तिघं धावतच गच्चीच्या दारापाशी आले. आजूबाजूला काही नव्हतं. बंद दार, कोपऱ्यातली केरसुणी, भिंत. याएलने तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच वर बघितलं. बरोबर डोक्यावर, हात उंच केला तर लागेल इतक्या जवळ, कॅमेरा होता. काचेच्या डोळ्याखाली एक बारीक भोक होतं. टाचणीच्या डोक्याएवढं.

तिने दोघांना ओढत घरात नेलं आणि दार लावलं.

"माइक आहे तो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "कॅमेऱ्याला कानही आहेत! आणि आपण त्याचा डोळा चुकवायला रोज त्याच्या कानाशी जाऊन उभे राहिलो! आणि ही जागा मीच शोधली होती!"

"म्हंजी ते सगला आयकतात?" गणूच्या मुठी आवळल्या. "आपला सगला?"

अरीबाला अयानचा चपलेकडे बघणारा चेहरा आठवत होता. तो किती हळू बोलला होता. आणि खाली बाकावर बसून चार मोठी माणसं ते मोबाईलवर ऐकत होती. शेंगदाणे खात असतील. हसत असतील.

"चला," ती म्हणाली.

कमलाकर काका सोसायटीचे सेक्रेटरी होते. ऑफिसात पंख्याखाली बसून ते पाण्याच्या टँकरवाल्याशी फोनवर भांडत होते. फोन ठेवल्यावर अरीबाने सरळ विचारलं, "काका, जिन्यातल्या कॅमेऱ्यात आवाज येतो का?"

काकांच्या भुवया क्षणभर वर गेल्या. मग ते हसले. "छे छे! नुसतं चित्र. मुका आहे बिचारा! का गं?"

"सहज."

बाहेर आल्यावर गणू उसळलाच. "तोंडावर खोटा बोल्ले! इथंच वरडू का? सगल्यांना बोलावू?"

"आणि ते परत म्हणतील, मुका आहे," याएल म्हणाली. "मोठ्यांवर विश्वास ठेवतील की आपल्यावर? शिवाय आता ते सावध होतील. आवाज बंद करून टाकतील, मग काहीच सिद्ध होणार नाही."

"नाही होणार सावध," अरीबा म्हणाली.

"कशावरून?"

"कारण दीपगृहाचा दिवा कोणी विझवला, हे त्यांना अजून कळलेलं नाही." रागात असूनही ती किंचित हसली. "इतके दिवस ऐकतायत. आता शेवट ऐकल्याशिवाय त्यांना राहवणार आहे का?"

---

बेत पक्का झाला. अरीबा परत ऑफिसात गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, रविवारी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर आमच्या खेळाचा शेवटचा भाग करू का? सुट्टीतला कार्यक्रम म्हणून?"

"अरे वा! करा की!" काकांनी खुर्चीतून उठूनच परवानगी दिली. "मी स्वतः खुर्च्या लावतो!"

मग ती एकटीच गच्चीच्या दारापाशी गेली. याएल नाही, गणू नाही. भिंतीला पाठ टेकून तिने पाठ केल्यासारखं सांगितलं, "शेवट असा करायचा. दिवा रखवालदारानेच विझवला. कारण त्याचा मुलगा चाच्यांच्या गलबतावर कैदेत होता. हे मी रविवारपर्यंत कोणालाच सांगणार नाही." आणि ती घरी आली. याएल आणि गणूलाही तिने काय बोलली ते सांगितलं नाही. "तुम्हाला कळलं, तर प्रयोग बिघडेल," एवढंच म्हणाली.

उरलं होतं सगळ्यात अवघड काम. ती तिसऱ्या मजल्यावर गेली. दार अयानच्या अम्मीने, साबिरा खालाने उघडलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"तो धड जेवत नाहीये, बेटा. काय झालं, तेही सांगत नाही."

अयान आतल्या खोलीत पाठ करून बसला होता.

"रविवारी हॉलमध्ये ये," अरीबा म्हणाली. "खेळू नकोस. फक्त बघ."

"का येऊ?"

"मी सांगितलेलं नाही, हे मी नुसतं सांगून तुला पटणार नाही. म्हणून."

त्याने मान वळवली नाही. "आणि तिथेही नाही पटलं तर?"

"तर मला आयुष्यभर खोटारडी म्हण," अरीबा म्हणाली आणि निघून आली. काका गप्पच बसले तर? शेवट ऐकूनही जीभ आवरली तर? मग सगळ्या सोसायटीसमोर तीच खोटी ठरणार होती, आणि अयान तिला कायमचा दुरावणार होता.

---

रविवारी सकाळी हॉल भरून गेला. पहिल्या रांगेत मधोमध कमलाकर काका, शेजारी दिपिका काकू. याएलचे आजोबा, जोसेफ आजोबा, काठी घेऊन कडेच्या खुर्चीवर बसले होते. अगदी मागे, साबिरा खालाच्या आडोशाने, अयान बसला होता.

खेळ सुरू झाला. गणूने सवयीप्रमाणे दार फोडायचं ठरवलं, फासा टाकला, आणि फाशावर आला एक. "दार फुटलं नाही. तुझा खांदा मात्र निखळला," अरीबाने जाहीर केलं. हॉलमध्ये हशा पिकला. याएलने हकिमाच्या थंडपणाने दार ठोठावलं आणि ते उघडलं! तळघर, बेड्या, चाच्यांची चाहूल... लोक खुर्च्या पुढे ओढून ऐकू लागले.

शेवटी अरीबा उभी राहिली.

"आणि आता, दिवा कोणी विझवला ते सांगते. तो फितूर दुसरा कोणी नसून..." तिने बोट रोखलं. "हा तांडेल आहे! सोन्याच्या थैलीसाठी यानेच दिवा विझवला!"

"मी?" गणू किंचाळला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. "मी असा करीन व्हय?"

"तूच! गोष्ट संपली!"

पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. कमलाकर काकांनी एकदा मान हलवली, दोनदा हलवली. मग त्यांना राहवेना.

"अगं, नाही!"

"काय नाही, काका?"

"चुकलीस तू! दिवा रखवालदाराने विझवला ना! तांडेल कसा असेल? त्याचा मुलगा..."

दिपिका काकूंनी त्यांना कोपर मारलं. पण फार उशीर झाला होता.

अरीबाचा आवाज आता अजिबात गोड नव्हता. "रखवालदाराचा मुलगा कुठे होता, काका?"

"ते... मी आपलं अंदाजाने..."

"कुठे होता?"

"चाच्यांच्या गलबतावर," ते पुटपुटले.

"बरोबर. हे मी याएलला सांगितलेलं नाही. गणूला नाही. माझ्या घरीसुद्धा कोणाला नाही. मी एकटी गच्चीच्या दारापाशी उभी राहून भिंतीशी बोलले होते, त्या कॅमेऱ्याखाली. जो मुका आहे!"

कुजबुज उठली. कोणीतरी "काय?" असं मोठ्याने म्हटलं. मागच्या रांगेत अयान उभा राहिला होता.

काकांनी कपाळावरचा घाम पुसला, आणि एकदम हसून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "शाब्बास! काय सापळा लावला पोरीने! वाहवा! हुशार आहेत हो आपली मुलं!" इकडून तिकडून आणखी दोन-चार टाळ्या पडल्या.

"टाळ्या नकोत!" याएल ओरडली. टाळ्या थांबल्या.

"अगं, गंमत होती," काका म्हणाले. "आवाज आधीपासूनच चालू होता त्यात. एकदा कानावर पडलं, आवडलं. सिरियलपेक्षा भारी रंगली होती तुमची गोष्ट! आम्ही काय वाईट केलं? खेळच होता ना?"

"सगळा खेळ नव्हता," अरीबा म्हणाली. "तिथे एक गोष्ट खरी बोलली गेली. ती काय होती, ते मी सांगणार नाही. तुम्हाला माहीत आहे. गेटपाशी चार माणसांत तुम्ही ती बोललात आणि हसलात. ज्याची होती, त्याने ती फक्त मला सांगितली होती. माझ्यावर भरवसा ठेवून! तुम्ही ती चोरलीत, आणि चोर मी ठरले!"

"मावशी," गणू म्हणाला, "तू पन आयकत होतीस?"

दिपिका काकूंनी पदर सारखा केला. त्या गणूकडे बघू शकल्या नाहीत. "चुकलं रे," त्या हळूच म्हणाल्या.

जोसेफ आजोबा काठी टेकत उठले. "कमलाकर, नळ चोरीला जाऊ नयेत म्हणून आम्ही कॅमेऱ्याला हो म्हटलं होतं. मुलांचं चोरून ऐकायला नाही. आणि विचारल्यावर त्यांच्याशी खोटं बोललास?"

काकांचं हसू मावळलं. त्यांनी मोबाईल काढला आणि आवाजाचं बटण सगळ्यांसमोर बंद केलं. "अयान बेटा, जरा बाहेर ये. मी तुझी माफी..."

"बाहेर का?" मागून अयानचा आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. "हसलात सगळ्यांसमोर. माफी पण इथेच मागा."

काकांनी हात जोडले. "माफ कर, बेटा. मी ऐकायला नको होतं. ऐकलं, तर बोलायला नको होतं. आणि हसायला तर मुळीच नको होतं."

साबिरा खालाने अयानच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने मान हलवली. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि ते म्हणायला त्याला कोणी भागही पाडलं नाही.

"आता टाळ्या वाजवायच्या असतील, तर एका गोष्टीसाठी वाजवा," जोसेफ आजोबा म्हणाले. "सापळ्यासाठी नको. या मुलीवर आळ आला होता. काय गुपित होतं ते आमच्या याएलला सांगितलं असतं, तर निदान तिने तरी हिची बाजू घेतली असती. तरी हिने ते ओठाबाहेर काढलं नाही. आत्ता, सगळ्यांसमोर बोलतानाही काढलं नाही. मोठ्यांनाही हे जमत नाही, कमलाकर."

यावेळच्या टाळ्या खऱ्या होत्या. गणूने शिट्टी वाजवली. अरीबाला मात्र ते धड ऐकूच येत नव्हतं. खुर्च्यांमधून वाट काढत अयान पुढे येत होता.

तो टेबलापाशी येऊन थांबला. "मी तुला खोटारडी म्हटलं."

"हो, म्हटलंस. आणि मला एकदाही नीट विचारलं नाहीस!"

"विचारायला हवं होतं."

"हवंच होतं!"

"तू अजून चिडली आहेस?"

"खूप!"

"मीपण," अयान म्हणाला. "काकांवर. आणि माझ्यावर."

अरीबाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तिने पायाने रिकामी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"मग बस. रागातच खेळू."